खर्जरावांचं निदान

आवाजावर विश्वास ठेवू नये. हे मी सांगतोय, ज्याचं अर्धं आयुष्य कानांवर हेडफोन चढवून दुसऱ्यांचे आवाज पकडण्यात गेलं. माणूस चेहऱ्याने खोटं बोलला तर कुठेतरी सापडतो. पापणी लवते, ओठ वाकडा होतो. चांगला आवाज मात्र खोटं बोलतानाही चांगलाच लागतो. मला हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण मला पगार त्याचाच मिळत होता. कळलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय, आणि हात झटकून मोकळा होण्याचा माझा इरादा नाही.

बोलपट नवे होते तेव्हाची गोष्ट. भल्याभल्यांची भंबेरी उडाली होती. कालपर्यंत ज्यांची छायाचित्रं मुली वहीत लपवून ठेवायच्या, ते राजबिंडे नायक माइकसमोर तोंड उघडायचे आणि दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज निघायचा. मालक डोक्याला हात लावून बसायचे. अशाच एका दुपारी, निव्वळ माइक चालू आहे की नाही हे बघायला, मी गर्दीच्या कामाला आलेल्या एकाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "काहीही बोला."

रुंद जबडा, बारीक डोळे, कपाळावरून मागे सरत चाललेले केस. मूकपटांत पाच वर्षं मागच्या रांगेत मशाल धरून उभा राहिलेला माणूस. त्याने घसा साफ केला. "काय बोलू? मला आजवर कुणी बोलायला सांगितलंच नाही," तो म्हणाला.

एवढंच वाक्य. माझ्या यंत्रावरचा काटा जिथे जायला हवा तिथे अलगद जाऊन थांबला. विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, पण एकेक अक्षर वेगळं ऐकू येणारा आवाज. मी हेडफोन काढून माणसाकडे नीट पाहिलं आणि त्याच दिवशी त्यांचं नाव खर्जराव ठेवलं. खरं नाव पडद्यावर बारीक अक्षरांत यायचं, ते कुणी वाचायचं नाही.

चेहरा नायकाचा नव्हता, आणि खलनायकाला लागते तेवढी ऐटही नव्हती. मग त्यांना डॉक्टर केलं. पहिला बोलपट चालला तसं दुसऱ्यातही डॉक्टरच केलं, आणि बघता बघता अकरा बोलपटांत खर्जराव अकरा वेळा डॉक्टर झाले. शेवटच्या भागात काळी बॅग घेऊन यायचे, रुग्णाचं मनगट धरायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि नायिकेकडे वळायचे. "घाबरू नका" म्हणाले तर रुग्ण वाचणार, "धीर धरा" म्हणाले तर नायिकेच्या कपाळी रडणं, हे लोकांना इतकं पाठ झालं होतं की थिएटरात बायका त्यांनी तोंड उघडण्याआधीच पदर डोळ्यांना लावायच्या.

पण नेमकं ते वाक्य आलं की कॅमेरा त्यांच्यावरून उठायचा आणि नायिकेच्या डोळ्यांत जाऊन बसायचा. दर वेळी. "आवाज माझा, डोळे तिचे," खर्जराव चहा पिताना म्हणायचे. "अकरा जणांना वाचवलं आणि मारलं, पण एकदाही लोकांनी माझं तोंड बघितलं नाही." आम्ही हसायचो. तेही हसायचे, जरा उशिराने.

रस्त्यात लोक त्यांना अडवायला लागले. कुणी जीभ दाखवायचं, कुणी पोट दाबून दाखवायचं. आधी ते म्हणायचे, "अहो, मी नट आहे." मग म्हणायला लागले, "नट आहे, पण विचारा." आणि शेवटी नुसतं, "हं, विचारा."

याला निमित्त झालं आमच्या कपडेवाल्या बाईंचं. नटांचे कपडे शिवायच्या, सांभाळायच्या. त्यांना एकदा सडकून ताप भरला. खर्जराव चित्रीकरणातून तसेच, डॉक्टरच्या कोटात, त्यांच्याजवळ गेले, मनगट धरलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी ताप उतरेल." सकाळी उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण फांदीचं नाव कोण घेतो? सगळे कावळ्याकडे बघायला लागले. पुढे सुताराच्या बायकोची पाठ, नटांचे चेहरे रंगवणाऱ्या बाईंची चक्कर. दर वेळी खर्जराव काहीतरी सांगायचे आणि दर वेळी माणूस बरं व्हायचं, कारण बहुतेक माणसं बहुतेक वेळा आपोआपच बरी होतात. हे खरे डॉक्टरसुद्धा मान्य करतील. काही दिवसांनी खर्जरावांच्या खिशात छाती तपासायच्या नळ्या दिसायला लागल्या. त्या सामानाच्या खोलीतल्या होत्या आणि आतून बुजलेल्या होत्या. मला ठाऊक होतं. मला त्याची गंमत वाटायची.

आता भावोजींबद्दल सांगायला हवं. माझ्या ताईचा नवरा. किडकिडीत, हसरा, हातात कॅमेरा आला की जगाचा विसर पडणारा माणूस. त्यांना आमच्याकडे मीच लावलं होतं. आवाज मी पकडायचा आणि चित्र त्यांनी, म्हणजे घरचंच दुकान.

कॅमेरा चालताना खडखडायचा आणि तो खडखडाट माइकला ऐकू जायचा. म्हणून त्या काळी कॅमेरा आणि कॅमेरावाला, दोघांना लाकडी खोक्यात कोंडायचे. पुढे जाड काच, आतून चहूबाजूंनी घोंगड्या ठोकलेल्या, मागे दार आणि दाराला बाहेरून कडी, कारण आतली कडी वाजायची. आम्ही त्याला कपाट म्हणायचो. "मेहुणे," भावोजी मला म्हणायचे, "तुमच्या ताईने मला एवढं पारखून पसंत केलं आणि तुम्ही मला कपाटात टांगून ठेवलंत!"

ताईला त्यात गंमत दिसत नसे. एका सकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून भावोजींचा शर्ट दाखवला. पाठीवर पांढरे पट्टे.

"हे बघ. मीठ आहे हे. माणसाच्या अंगातून एवढं मीठ निघतं? घरी येतात आणि अर्धा तास शब्द बोलत नाहीत. नुसते भिंतीला टेकून बसतात."

"उन्हाळा आहे, ताई."

"उन्हाळा सगळ्यांना आहे. तुझा शर्ट दाखव बरं." तिने भावोजींचा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला, मग लगेच परत घेतला. "ते स्वतःहून कधी थांबा म्हणणार नाहीत. कामात असले की त्यांना तहानसुद्धा कळत नाही. तू असतोस ना तिथे? तू बघ. तू आहेस म्हणून मी घरात निर्धास्त असते."

"बघतो," मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

अकराव्या बोलपटानंतर खर्जरावांनी एका कापडाच्या व्यापाऱ्याला भागीदार धरून स्वतःची कंपनी काढली. व्यापाऱ्याशी त्यांचं बोलणं झालं तेव्हा मी हजर होतो. दहा मिनिटं खर्जराव बोलले आणि व्यापारी डोलत राहिला. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, म्हणतात ते खोटं नाही. पत्र्याच्या छपराचं एक जुनं गोदाम घेतलं, भिंतींना पोती लावली, आणि आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर तिकडे गेलो. खर्जरावांना आम्ही साहेब म्हणायला लागलो.

पहिल्या बोलपटाचा नायक अर्थातच डॉक्टर. आणि त्यात एक प्रसंग असा की डॉक्टर आपल्या आजारी भावाच्या उशाशी बसतो आणि त्याच्याशी बोलतो. सबंध एक रीळ, दहा मिनिटं. कॅमेरा डॉक्टरवरून हलणार नाही. नायिकेचे डोळे नाहीत, दाराचा पडदा नाही, काही नाही. "एकच शॉट," साहेब म्हणाले. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं तोंड. तुकडे जोडलेले मला चालणार नाहीत. अकरा बोलपटांत तुकडेच झालेत माझे."

तालमीच्या दिवशी मी हेडफोन लावले आणि मला एक बारीक गुणगुण ऐकू आली. शोधत गेलो तर कपाटाच्या छपरावर भोक पाडून बसवलेला छोटा पंखा. नव्या जागेत आवाज घुमायचा, म्हणून जुन्या ठिकाणी न ऐकू येणारा हा पंखा इथे साहेबांच्या प्रत्येक विरामात डोकावत होता.

"पंखा बंद करावा लागेल," मी म्हटलं. मीच म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही. माझी सगळी अक्कल तेव्हा कानात होती. सुताराने पंखा काढला आणि भोकावर फळी ठोकली. भावोजींनी काचेतून माझ्याकडे बघून हात जोडले आणि मान एका बाजूला टाकून फासावर गेलेल्या माणसासारखी जीभ बाहेर काढली. सगळे हसले.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला तोच तापलेला. दहा वाजता पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. आवाजासाठी दारं-खिडक्या बंद, वरून दिवे, मध्ये तीन भिंतींची खोली आणि तिच्यात पलंग. पलंगावर भावाचं काम करणारा नट आणि शेजारी खुर्चीवर डॉक्टरच्या कोटातले साहेब. समोर कपाट. कपाटाच्या मागे, पडद्याआड, मी.

पहिल्या वेळी सातव्या मिनिटाला साहेब एक वाक्य विसरले. दुसऱ्या वेळी परिचारिकेचं काम करणाऱ्या मुलीला शिंक आली आणि तिला रडू कोसळेपर्यंत बोलणी बसली. तिसरा शॉट मी थांबवला. बाहेर रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला होता. माझ्यापाशी एक बटण होतं, ते दाबलं की लाल दिवा विझायचा आणि सगळं थांबायचं. म्हणजे मला थांबवता येत होतं. हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या शॉटनंतर कडी काढली तेव्हा भावोजी दार धरून खाली उतरले. एरवी ते बाहेर यायचे तेव्हा नळाखालून आल्यासारखे भिजलेले असायचे. त्या दिवशी अंग कोरडं होतं. चेहरा लालबुंद आणि कोरडा ठणठणीत.

"मेहुणे, थंडी वाजतेय हो," ते म्हणाले आणि हसले. मग दिव्यांकडे बघत म्हणाले, "खिडकी कुणी उघडली?"

खिडकी कुणीच उघडली नव्हती. मी साहेबांकडे गेलो. "पंधरा मिनिटं थांबूया साहेब. यांना बरं वाटत नाहीये."

साहेब उठून आले. त्यांनी भावोजींचं मनगट हातात घेतलं, अंगठा नाडीवर ठेवला, डोळे मिटले. सगळं गोदाम आपोआप चिडीचूप झालं. त्या माणसाने मनगट धरलं की गप्प व्हायचं, ही आम्हाला सवयच होती.

"उत्तम आहे नाडी," साहेब म्हणाले. "जरा थकलेत. एकच शॉट राहिलाय, तो संपला की दिवसभर सुट्टी. काय?"

काय सांगू तुम्हाला तो आवाज! आईने डोक्यावरून हात फिरवावा तसा. माझी काळजी विरघळली. भावोजीसुद्धा म्हणाले, "साहेब म्हणतायत म्हणजे ठीकच असेन." आणि ते कपाटात चढले. चढताना त्यांचा पाय पायरीवर पडला नाही, बाजूला पडला, आणि मी त्यांना धरून आत बसवलं. कडी मीच लावली.

चौथा शॉट. साहेबांनी त्या दिवशी जे काम केलं तसं पुन्हा कधी केलं नाही. एकही शब्द अडला नाही. माझा काटा पाण्यावरच्या पानासारखा हलत होता. आठवं मिनिट संपत असताना मला समोरून, म्हणजे हेडफोनमधून नव्हे, प्रत्यक्ष कपाटाच्या दिशेने, काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग एक जड, मऊ धक्का. एकदाच.

माझा हात बटणावर होता. शपथेवर सांगतो, हात बटणावर होता. माइकला तो धक्का ऐकू गेला नव्हता, काटा जरासुद्धा उडाला नव्हता. शॉट स्वच्छ होता. दोन मिनिटं राहिली होती. मी विचार केला, आता थांबवलं तर भावोजींना पाचव्यांदा आत बसावं लागेल. स्वतःला मी असं समजावलं. खरं सांगायचं तर माझ्या कानाला तो आवाज तोडवेना.

"झालं!" साहेब ओरडले आणि टाळ्या पडल्या. मी कडी काढली. भावोजी कॅमेरा वरखाली करायच्या मागच्या दांड्यावर पालथे पडले होते. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं झालं.

त्यांना उचलून बाहेर काढलं आणि ठेवायला जवळ जागा एकच होती, तो पलंग. मरणारा भाऊ टुणकन उडी मारून उठला आणि आम्ही भावोजींना तिथे निजवलं. आता पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसांकडून झालं नसतं. एखाद्या गिरणीत, छापखान्यात माणूस असा पडला असता तर कुणीतरी पाणी मारलं असतं, कुणीतरी पळत सुटलं असतं. आम्ही मागे सरलो. पलंगाभोवती जागा केली. परिचारिकेचं काम करणारी मुलगी पायथ्याशी जाऊन हात बांधून उभी राहिली. आणि सगळ्यांच्या माना डॉक्टरच्या कोटातल्या माणसाकडे वळल्या.

साहेब खुर्चीवर बसले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. ती होती, मी पाहिली. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी भावोजींचं मनगट उचललं आणि अंगठा टेकवला.

"समोरच्या डॉक्टरांना बोलावतो," मी म्हटलं. फाटकाच्या समोरच त्यांचा दवाखाना होता. शंभर पावलंसुद्धा नसतील.

"कशाला?" साहेब म्हणाले. "मी आहे ना." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश, "नाडी भरलेली आहे. श्रमाने ग्लानी आलीय, अंगात कणकण आहे. ऊब हवी. यांना शांत झोपू द्या, तासाभरात आपण होऊन उठतील. घाबरू नका."

'घाबरू नका' ऐकलं आणि खोलीभर सुटकेचा श्वास गेला. माझाही त्यात होता. अकरा बोलपटांत त्यांचं निदान मी या हातांनी मुद्रित केलं होतं. कुठल्या शब्दावर ते श्वास घेतात, कुठे आवाज अर्धा सूर खाली नेतात, सगळं मला पाठ होतं. जादूगाराच्या अस्तनीत काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच तोंडाचा आ वासून बघत बसला.

कपडेवाल्या बाईंनी घोंगडी आणली. जाड, लोकरीची, प्रसंगासाठीच आणलेली. साहेबांनी ती भावोजींच्या हनुवटीपर्यंत ओढली, जशी ते नेहमी ओढायचे. पायाकडून ती सुटत होती. ताई म्हणाली होती, तू बघ. मी खाली वाकलो आणि घोंगडीच्या दोन्ही कडा त्यांच्या तळव्यांखाली नीट खोचल्या. वारा जाऊ नये म्हणून.

मग जेवणाची सुट्टी झाली. आम्ही पलीकडच्या खोलीत चमचा वाजू न देता जेवलो, भावोजींची झोप मोडू नये म्हणून. मी जेवलो. हे लिहिताना हात थांबतो, पण जेवलो.

सव्वा तास. शेवटी सुतार आत डोकावून आला आणि कुणालाही न विचारता, ताट तसंच टाकून फाटकाकडे धावला. समोरचे डॉक्टर आले. बुटके, घाईघाईत चपला उलट्या घातलेल्या, बोलताना अडखळणारे, आवाज अगदी चिरका. आमच्यात ते पाच मिनिटंही टिकले नसते. त्यांनी घोंगडी खेचून जमिनीवर फेकली.

"पा-पाणी! पाणी आणा, ब-बर्फ असेल तर बर्फ! हे क-कोणी घातलं यांच्या अंगावर?"

आम्ही बादल्या आणल्या, ओतल्या, दारं उघडली, पुठ्ठ्यांनी वारा घातला. सगळं केलं. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी हात थांबवले. शर्टाच्या बाहीने कपाळ पुसून त्यांनी विचारलं, नाडी कुणी पाहिली होती का, कशी होती.

"भरलेली," मी म्हटलं.

"कशी पाहिली?"

मी माझा अंगठा माझ्याच मनगटावर ठेवून दाखवला. डॉक्टरांनी माझा अंगठा बाजूला केला. "अंगठ्याने बघायची नसते," ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे हे वाक्य ते न अडखळता बोलले. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते. स्वतःचीच लागते." साहेब तोवर बाहेर जाऊन उभे राहिले होते.

ताईला सांगायला साहेब स्वतः आले. मी बरोबर होतो, दाराच्या चौकटीला धरून. त्यांनी टोपी काढली आणि तिला सगळं सांगितलं, म्हणजे जे सांगायचं होतं ते. उन्हाचा तडाखा होता, क्षणात झालं, डॉक्टर लगेच आले, पण कुणाच्याच हातात काही नव्हतं. एक शब्द हलला नाही. ताईची मुलगी मागे दारात उभी होती. सहा महिन्यांपूर्वी याच मुलीच्या खोकल्यावर साहेब घरी येऊन "दोन दिवसांत खेळायला लागेल" म्हणाले होते, आणि ती लागली होती. ताई त्यांच्या पाया पडली. "बरं झालं, शेवटी तुम्ही त्यांच्याजवळ होतात," ती म्हणाली. मी पुढे होऊन तिला उठवलं; खरं सांगितलं नाही.

तो चौथा शॉट तसाच ठेवला. शेवटची दोन मिनिटं कॅमेरा हळूहळू वर उचलला जातो. साहेबांचा चेहरा खाली खाली सरकतो आणि वर नुसती कोरी भिंत वाढत जाते. अखेरच्या वाक्याला तर त्यांचं कपाळच उरतं. भावोजी दांड्यावर कोसळत होते तो हा परिणाम. साहेबांनी तो शॉट तीनदा पाहिला आणि पुन्हा घेऊ म्हणाले नाहीत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, माणसाचा एकटेपणा असा कुणी दाखवला नव्हता. साहेबांनी नंतर आणखी नऊ बोलपट काढले, मोठे झाले, पण स्वतः पडद्यावर आले नाहीत. नऊही बोलपटांचा आवाज मी धरला. त्यांनी मला कधी काही बजावलं नाही, आणि मी कधी काही विचारलं नाही.

तो पहिला बोलपट लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ताई म्हणाली, मला बघायला घेऊन चल. तिच्या नवऱ्याचं शेवटचं काम होतं. मी नाना सबबी सांगितल्या, त्या तिने मोडून काढल्या. दुपारचा खेळ, पंख्याखालच्या खुर्च्या. तो प्रसंग आला तसा मी खाली बघत राहिलो. कॅमेरा वर सरकायला लागला तेव्हा ती माझ्याकडे वाकली.

"किती सुंदर केलंय रे त्यांनी."

"हो," मी म्हटलं.

पडद्यावरच्या भिंतीवरून नजर न काढता ती अगदी हळू म्हणाली, "कपडेवाल्या बाई भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या अंगावर कुणीतरी पांघरूण घातलं होतं. पाय उघडे राहू नयेत म्हणून नीट खोचलंसुद्धा होतं." मग म्हणाली, "मला रोज वाटायचं, तिथे उघड्या जमिनीवर पडून गेले असतील. ते ऐकलं आणि त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली मला. कुणी खोचलं रे?"

"मी," मी म्हटलं.

तिने अंधारात माझा हात शोधला, आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.